दोन पानांवरच्या कळ्या

आमच्या गावात देवीला कौल लावायचा तर कळ्या तगरीच्या लागतात. त्या घरातल्या कुवार मुलीने आंघोळ करून तोडायच्या, एकाच झाडाच्या, एकाच मापाच्या, आणि दोन वेगळ्या पानांवर ठेवून देवळात न्यायच्या. एक पान देवीच्या उजव्या अंगाचं, एक डाव्या अंगाचं. गुरवकाका एकेक कळी पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या ताईचं लग्न असल्या दोन कळ्यांवर ठरलं आणि त्या कळ्या मी तोडल्या होत्या.

आमचं घर श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्रापासून थोडं आत. घरामागे पोफळीची वाडी. मी बारावीत असताना वडील गेले. ताई तेव्हा महाडला कॉलेजात होती, शेवटच्या वर्षाला. दिवसकार्य उरकलं आणि ती परत गेलीच नाही. वाडीला पाणी कोण सोडणार, सुपारी कोण वाळवणार, झाडावर चढणाऱ्या गड्याला बोलावून कोण आणणार, असले प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारायच्या आत तिने साडीचा पदर खोचला होता. मी मात्र शिकले. माणगावच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायच्या कामाला लागले. मी शिकावं म्हणून ती थांबली, असं घरात कुणी कधी म्हटलं नाही. सगळ्यांना माहीत होतं, एवढंच.

ताई वाडीत असली की वेगळी दिसायची. घरात ती गप्प, पाहुण्यांसमोर तर मुकीच. पण पाटाचं पाणी वळवताना गुणगुणायची, झाडांना शिव्या घालायची, एखाद्या पोफळीच्या बुंध्याला थाप मारून म्हणायची, "यंदा काय रुसलीस गो?" पाय बांधून सरसर वर चढायलाही शिकली होती. आईला ते मुळीच आवडायचं नाही. बाईमाणसाने झाडावर चढू नये, झाड वांझ होतं, असं आमच्याकडे म्हणतात. ताई चढायची त्या झाडांनाच सगळ्यात जास्त घड लागायचे, पण आईपुढे हा पुरावा चालत नसे.

ती पंचविशीची झाल्यापासून मामाने तिच्या लग्नाचं मनावर घेतलं होतं. मामाच्या फोनमध्ये स्वतःच्या मुलांचे फोटो कमी आणि परक्यांच्या मुलांचे जास्त. दर रविवारी यायचा, चहा बशीत ओतायचा आणि बोटाने फोटो सरकवत राहायचा. "हा बघ, कंपनीत हाय. हा बघ, पनवेलला स्वतःचा फ्लॅट." ताई पोहे करून आणून ठेवायची आणि मागच्या दाराने वाडीत जायची. मामा म्हणायचा, "हिला काय राजपुत्र हवाय?" मला वाटायचं, हिला कुणीच नकोय, एवढं साधं या माणसाच्या डोक्यात कसं शिरत नाही. तेव्हा मी तिच्या बाजूने होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मी नव्हते.

बघायला आलेल्यांचे किस्से सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आई ताईच्या तळहातांना लिंबू आणि साखर चोळायची. फावडं धरून तिच्या हातांना घट्टे पडले होते. आई चोळत बसायची आणि ताई हात पुढे करून भिंतीकडे बघत राहायची. एका मुलाच्या आत्याने तिचा हात हातात घेऊन बघितला आणि लगेच सोडून दिला. मामा गडबडीने म्हणाला, "घरातलं सगळं करते हो पोर." वाडी हीच चालवते, असं त्याने एकाही पाहुण्याला सांगितलं नाही. जो तिचा खरा गुण, तोच झाकून ठेवायचा, अशी आमची तऱ्हा.

मग ते वादळ आलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, आमच्या किनाऱ्यावर ज्याने ते बघितलं त्याला सांगायला नको. सकाळी वाडी होती आणि दुपारी नव्हती. आजोबांच्या हातच्या पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या. आई ओसरीवर बसून रडत होती. ताई रडली नाही. घरामागे एका कोपऱ्यात तिने आदल्या वर्षी रोपं करून ठेवली होती, ती पत्र्याखाली सापडली. तिने एकेक करून ती मोजली. एकशे चाळीस. त्याच पावसात तिने ती सगळी लावली, सावलीला मध्ये केळी लावल्या, आणि पाटाची वाट पुन्हा खणली. शेजारचे म्हणत होते, जागा विकून मोकळ्या व्हा. ती म्हणाली, "पाच-सहा वर्षांनी सुपारी धरतील. तवर मी हाय की."

त्या पाच-सहा वर्षांनीच सगळा घोटाळा केला. त्याच सुमारास मला एक मुलगा आवडला होता. रोह्याचा, चष्म्याच्या काचा पोचवायला आमच्या दवाखान्यात यायचा. भला माणूस. आज तो माझा नवरा आहे आणि आजही भला आहे. त्याच्या आईला मी पसंत होते. पण तिने एक गोष्ट स्पष्ट विचारली. "मोठी बहीण घरात बिनलग्नाची आणि धाकटीचं आधी? लोक काय म्हणतील? तिच्यात काही खोट हाय काय, असं नाही विचारणार?" या मोसमात मोठीचं होत असेल तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघू, असा तिचा निरोप आला.

त्याने आईशी भांडायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं नाही. मला वाटलं ताईने ऐकायला हवं. माणूस स्वतःच्या सुखाच्या आड येणाऱ्यांतलं सगळ्यात मऊ माणूस शोधतो आणि तिथे दात रोवतो. मी तेच केलं.

मामाने तेव्हा एक स्थळ आणलं होतं. मुलगा एकोणचाळीसचा, डोंबिवलीच्या पुढे राहायचा, कारखान्यात पाळीची नोकरी. घरी अंथरुणाला खिळलेली आई. बघायला आला तेव्हा तोही ताईइतकाच गप्प होता. दोघं समोरासमोर बसून आपापल्या कपातला चहा बघत होती. त्यांचा होकार आला. आईने मला बाजूला घेऊन म्हटलं, "तू बोल तिच्याशी. तुझं ऐकेल ती."

मी विहिरीवर गेले. ताई पंप बंद करून पाय धूत होती. रोपं तेव्हा कमरेएवढी झाली होती.

"एवढी रोपं धरू देत बाय," ती म्हणाली. "मग मामा दाखवेल त्याच्याशी करीन. मला कायपण चालंल."

"तेव्हा तू छत्तीसची होशील ताई."

"होऊ दे की. झाडांना वय सांगायला कोण लाजतं काय?"

ती हसली. मला त्या हसण्याचा राग आला. मी म्हटलं, "तुझ्या रोपांपायी मी म्हातारी होऊ? तुला कुणी नकोय, मला हवंय. बाबा गेल्यावर तू थांबलीस ते माझ्या डोक्यावर किती वर्षं ठेवणार आहेस?"

हे वाक्य मी दहा वर्षं जपून ठेवलं असावं, इतकं ते सहज बाहेर आलं. तिने एक दिवसही ते माझ्या डोक्यावर ठेवलं नव्हतं. ती पाय धूत राहिली. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूत राहिली. मग म्हणाली, "देवीला विचारू. उजवा दिला तर करीन. डावा दिला तर तुझ्या सासूला मी सोता जाऊन सांगीन, धाकटीचं आधी करा म्हणून. तिच्या पाया पडीन."

घरात सगळे खूश झाले. आई म्हणाली, देवीवर सोडलं, आता कुणी कुणाला बोलायचं नाही. मामालाही बरं वाटलं, त्याचा भार उतरला. आणि कळ्या तोडायच्या मी, कारण जिचा प्रश्न तिने तोडायच्या नसतात, आणि घरात दुसरी कुवार मुलगी मीच.

दसरा झाल्यावरचा मंगळवार ठरला. मी पहाटे उठून आंघोळ केली आणि तगरीपाशी गेले. आमच्या तगरीला बारा महिने फुलं. मला एक गोष्ट माहीत होती, आणि ती ताईनेच लहानपणी शिकवलेली. वडिलांसाठी कौल लावायचा असला की कळ्या तोडायला ती जायची आणि मी तिच्या मागे. "फुगलेली कळी घेऊ नको," ती सांगायची. "जड असते, टिकत न्हाय, लगेच पडते. दोन्ही बारक्या घे, घट्ट मिटलेल्या. मग देवी काय ती सांगते." बारकी कळी ओल्या दगडाला कितीतरी वेळ धरून राहते.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. गुरवकाकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दोनच महिन्यांपूर्वी मी स्वतः त्यांना दवाखान्यात नेऊन तपासलं होतं. तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळीच त्यांना वाचता आल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. पानावरची कळी किती फुगली आहे, हे त्यांना दिसणार नव्हतं.

उजव्या पानावर मी उमलायच्या बेतातल्या, टपोऱ्या कळ्या ठेवल्या. डाव्यावर बारीक, हिरवट, घट्ट मिटलेल्या. लोक सांगतात की वाईट काम करताना छाती धडधडते. माझी नाही धडधडली. मी दवाखान्यात काचा लावते तशा व्यवस्थित कळ्या लावल्या आणि त्यांच्यावर दुसरं पान झाकलं.

देवळात आई, मामा, ताई आणि मी. काकांनी वरची पानं काढली. बोटांनी चाचपून एकेक कळी उचलली, पाण्यात बुडवली, खांद्यांना लावली आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, ही तुझी लेक तुझ्या दारात उभी हाय. हे स्थळ तिच्या सुखाचं असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." ताई बाजूच्या खांबाला टेकून उभी होती. मी देवीच्या उजव्या खांद्याकडे बघत होते. आणि खरं सांगते, कळी लावल्यावर एक क्षण मला वाटलं, पडू नये. फक्त एक क्षण. मग ती पडली.

"उजवा!" काका म्हणाले. आईने पदर डोळ्यांना लावला. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. ताई पुढे आली, देवीला हात जोडले आणि खाली पडलेली ती कळी उचलून बघितली. मग प्रसाद म्हणून केसात खोवली. मला तेव्हा वाटलं, तिने मनावर घेतलं नाही. बरं वाटलं मला.

तुळशीचं लग्न झालं आणि पंधरा दिवसांत तिचं. माझं त्याच मोसमाच्या शेवटी. जायच्या आदल्या दिवशी ताईने मला वाडीत फिरवून सगळं सांगितलं. कुठल्या रोपाला पाणी कमी, कुठल्या आळ्यात वाळवी लागते, केळी कधी कापायच्या. मी हो हो म्हणत होते. मनात माझ्या शालूचा रंग होता. तिच्या सांगण्यातलं निम्मं मी संध्याकाळपर्यंत विसरले. पुढच्या उन्हाळ्यात चाळीसेक रोपं वाळली. आईने गडी ठेवला, तो आला तर आला. फोनवर ताई पहिला प्रश्न रोपांचा विचारायची आणि मी म्हणायचे, छान आहेत. एकदा खोटं बोललं की त्याला भावंडं होतात.

तिचा संसार वाईट आहे, असं कुणी म्हणणार नाही. भावोजी दारू पीत नाहीत, हात उगारत नाहीत, पगार हातात आणून देतात. फक्त बोलत नाहीत. पाळीवरून येतात, जेवतात, झोपतात. सासूचं सगळं अंथरुणात, ते ताई करते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात पोफळीचं एक रोप लावलेलं दिसलं. लग्नात वाडीतून एकच नेलं होतं तिने. कमरेएवढंच राहिलं होतं आणि पिवळं पडलं होतं. "इथलं पाणी सोसत न्हाय त्याला," ती म्हणाली. पुढच्या वेळी गेले तर डब्यात तुळस होती.

मूल झालं नाही. आता नातेवाईक तेवढंच विचारतात. मामासुद्धा. लग्न झालं की हे गप्प बसतील, असं आम्हा दोघींना वाटलं होतं, इतक्या आम्ही खुळ्या. आई म्हणते, "पदरी पडलं पवित्र झालं." माझ्या मुलीला ताई दर वाढदिवसाला फ्रॉक शिवून पाठवते. फ्रॉक नेहमी थोडा मोठा असतो, कारण तिने मुलीला बरेच दिवस पाहिलेलं नसतं. तो घडीतून काढताना मला काय होतं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. माझा संसार चांगला चालला आहे. तोच मला टोचतो. वाईट चालला असता तर निदान फिटंफाट झाली असती.

यंदा मार्गशीर्षात आईचा फोन आला. उरलेल्यांपैकी अकरा पोफळींना पहिल्यांदा घड धरले होते आणि पिकलेही होते. पहिली सुपारी देवीला वाहायची असते. मी ताईला कळवलं. सासूला दोन दिवस शेजारणीवर सोपवून ती एकटीच आली. आल्या आल्या पिशवीसुद्धा खाली न ठेवता वाडीत गेली. वाळलेल्या रोपांची मोकळी आळी तिने बघितली. धरलेल्या झाडांपैकी एकाला हात लावला आणि वर बघत उभी राहिली. पूर्वीसारखी थाप नाही मारली. तिचे हात आता मऊ झालेत. आईला लिंबू चोळावं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गुरवकाकांनी आम्हाला लांबूनच ओळखलं. "या गो पोरींनो!" गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मीच सगळी धावपळ केली होती. "हिच्यामुळं आता सगळं लखलखीत दिसतं बघ," ते ताईला म्हणाले. "देवीच्या नथीतला मोतीसुदीक." ताईने सुपारी वाहिली, बाजूला तगरीची चार फुलं ठेवली. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. थोड्या वेळाने तीही शेजारी येऊन बसली.

"काकांचं ऑपरेशन त्याच वर्षी करायचं होतं ना?" तिने विचारलं. "कौल लावला त्या वर्षी?"

मी मान हलवली. तिच्याकडे बघितलं नाही.

"उजव्या पानावरच्या कळ्या फुगलेल्या होत्या," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "काकांनी वरचं पान उचललं तवाच बघितल्या मी."

मला वाटलं, पायरी खाली सरकली. मी म्हटलं, "मग बोलली का न्हायस? तिथंच का न्हाय थांबवलंस?"

"तुझा चेहरा बघितला. इतकं हवं होतं तुला." तिने पदराने कपाळ पुसलं. "म्हटलं जाऊ दे. झाडं काय, दुसरी लावता येतात."

मी रडायला लागले. देवळात येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघत होत्या. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. मी म्हणत होते, चुकले ताई, चुकले, मला माफ कर. ती मला गप्प करत होती.

"एक सांगू?" ती म्हणाली. "पयल्या वर्षी मी रोज वाट बघितली. म्हटलं येईल आणि सांगेल. तू आलीस की मी चहा ठेवायची आणि तुझ्यासमोर बसून राहायची, आता बोलशील म्हणून. तू रोपं छान हायत म्हणून सांगायचीस. मग सोडून दिलं मी वाट बघायचं. आज तू रडतेस तर मला कायच वाटत न्हाय बाय. वाटायला हवं, मला म्हायती हाय."

तिची परतीची गाडी दीडची होती. मी म्हटलं, आजचा दिवस राहा, उद्या मी सोडते. ती म्हणाली, सासूचं औषध संध्याकाळचं असतं. घरून निघताना आईने तिच्या पिशवीत पिकलेल्या सुपाऱ्या घातल्या. त्यातल्या दोन तिने बाहेर काढून माझ्या हातात दिल्या. "रुजत घाल," म्हणाली. "पाणी रोज लागतं, विसरू नको." गाडी आली, ती खिडकीपाशी बसली, आणि गाडी वळेपर्यंत समोर बघत राहिली.

त्या दोन सुपाऱ्या मी माणगावला आमच्या घरामागे लावल्या आहेत. अजून कोंब आलेला नाही. मी रोज पाणी घालते.